दादांची कावीळ

माझे थोरले बंधू गोदीत हमाली करीत. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. एका उन्हाळ्यात त्यांचे डोळे पिवळे झाले, अंगाला खाज सुटली, वजन झपाट्याने उतरले. कावीळ समजून मीच त्यांना झाडपाल्याचे औषध देणाऱ्याकडे नेले. त्यात दीड महिना गेला. हॉस्पिटलात तपासणी झाली, तोवर स्वादुपिंडाचा कॅन्सर यकृतात पसरला होता. इंजेक्शने दिली, गाठ हटली नाही. दादा गेले.

मी बी.कॉम. झालेला कारकून. हिशेब कळतो, पेशी कळत नाहीत. एवढे औषध गेले कुठे, हा प्रश्न मात्र मनातून जाईना. दादांची मुलगी आता प्रयोगशाळेत काम करते. तिने समजावून सांगितले.

जखम झाली की शरीर प्रथिनांचे जाळे विणून ती भरून काढते. जखम भरली की काम थांबते. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये मात्र ते थांबतच नाही. तेथील स्टेलेट नावाच्या पेशी जाळे विणीतच राहतात. त्या जाळ्यात पेरिऑस्टिन नावाचे एक प्रथिन असते. ते 1993 साली प्रथम हाडाच्या पेशींत सापडले होते. 2007 साली संशोधकांनी दाखविले की, स्टेलेट पेशी पेरिऑस्टिन बनवितात आणि तेच पेरिऑस्टिन त्यांना पुन्हा कामाला जुंपते. कॅन्सरच्या पेशींना उपासमारीत तग धरायला आणि पसरायलाही ते मदत करते. दाट जाळ्याने रक्तवाहिन्या चेपल्या जातात. औषध आत नीट पोचत नाही.

"मग ती भिंतच पाडावी," मी म्हणालो.

"काका, ते एवढे सोपे नाही. 2014 साली उंदरांमध्ये जाळे विणणाऱ्या पेशी काढून पाहिल्या, तर कॅन्सर अधिकच चवताळला. ती भिंत त्याला थोडीफार अडवूनही धरते."

म्हणजे गाठीभोवतीची भिंत आपल्याच शरीराच्या विटांची, आणि ती फोडण्याचा खात्रीचा उपाय अजून नाही. आपल्या हाती आहे ती वेळ.

बंधू-भगिनींनो, डोळे पिवळे होणे, वजन घटणे, पाठीपर्यंत जाणारी पोटदुखी, उतारवयात अचानक निघालेली साखर, यांपैकी काही दिसले तर थेट दवाखाना गाठा. विडी-सिगारेट सोडा, तिने हा धोका वाढतो. लवकर गेल्याने दादा वाचलेच असते, असे मी म्हणत नाही. पण तो दीड महिना माझ्या हिशेबात आजही खर्ची पडलेला आहे.