झाकलेले कर्ज

गरिबी आली की माणसे जीव देतात, असे सरसकट म्हणता येत नाही. हातावर पोट असलेली कितीतरी घरे हिमतीने उभी असलेली आम्ही रोज पाहतो. पण बरे चाललेले अचानक कोसळले, डोक्यावर कर्ज असले आणि ते कोणाला सांगायची सोय नसली, की माणूस खचतो.

जपानसारख्या श्रीमंत देशातही हेच घडले. नोव्हेंबर १९९७ मध्ये तिथली एक मोठी बँक बुडाली आणि यामाइची ही नावाजलेली शेअर दलाली कंपनी बंद पडली. जन्मभराची समजलेली नोकरी भरवशाची राहिली नाही. १९९७ साली तिथे २४,३९१ आत्महत्या नोंदल्या गेल्या. १९९८ साली ३२,८६३. त्यांत मध्यमवयीन पुरुष, म्हणजे घरचे कर्ते, फार होते. पुढे २०११ पर्यंत हा आकडा ३० हजारांच्या खाली आला नाही.

२००६ साली तिथे कायदा झाला: आत्महत्या हा केवळ त्या माणसाचा प्रश्न नाही, ती रोखणे सरकारचे आणि समाजाचेही काम आहे. २०१० मध्ये सावकारी कंपन्यांच्या व्याजाला २० टक्क्यांची मर्यादा घातली आणि वार्षिक उत्पन्नाच्या एक तृतीयांशाहून जास्त कर्ज देण्यास मनाई केली. इतर कारणेही असतील. पण २०१९ पर्यंत आकडा २० हजारांच्या आसपास उतरला.

आपल्या देशात २०२२ साली १,७०,९२४ जणांनी जीव दिला. त्यांतल्या सुमारे ६४ टक्के लोकांचे वार्षिक उत्पन्न एक लाखाहून कमी होते.

शाळेत आम्हाला हे आकडे चेहऱ्यांत दिसतात. एका विद्यार्थ्याचे अब्बा यंत्रमागावर होते. काम सुटले तसे त्यांनी पालकसभेला येणे सोडले. रस्त्यात भेटले तरी नजर चुकवत. हप्ते थकल्याचे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. वसुलीवाला दारात आला तेव्हा अम्मीला कळले. तिने रागावण्याऐवजी दिरांना बोलावले. भावांनी एकत्र बसून हिशेब मांडला, मुदत वाढवून घेतली. कर्ज अजून फिटलेले नाही, पण अब्बा पुन्हा सभेला येऊ लागले आहेत.

आत्महत्या हराम आहे, एवढे सांगून आपण मोकळे होत नाही. अडचणीतल्या कर्जदाराला सवड देण्याची शिकवणही सूरह बकरामध्येच आहे. भावाने पैसे परत केले नाहीत तर चारचौघांत त्याचा पाणउतारा करू नये. लग्नासाठी ऐपतीबाहेर कर्ज काढायला कोणाला भाग पाडू नये. कर्ता माणूस गप्प झाला, जेवणावरून उठू लागला, तर जवळ बसून सरळ विचारावे, “किती देणे आहे?” जगणे नको झाल्याचे कोणी बोलून दाखवले तर त्याला एकटे सोडू नये. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. तो घरातल्या प्रत्येकाला पाठ असावा.