तीस मिलिमीटर खाली, शॉकअप तेच!

गाडीचं वजन शॉकअप उचलतच नाही! आतल्या गॅसच्या दाबाने तो थोडाफार रेटा देत असेल तेवढा सोडा, बाकीचा सगळा भार स्प्रिंगवर. गाडी किती उंच उभी राहणार हे स्प्रिंग ठरवते आणि खड्ड्यातून गेल्यावर ती किती वेळ हेलकावत राहणार हे शॉकअप ठरवतो. इतकी साधी गोष्ट, आणि इतकी वर्षं गाडी चालवूनही मला माहीत नव्हती. कळल्यापासून भेटेल त्याला सांगत सुटलोय. बायको हल्ली ‘स्प्रिंग’ शब्द ऐकला की चहा ठेवायला उठते. पण सांगू नको तर काय करू? याचा सरळ अर्थ असा की नुसत्या स्प्रिंगा बदलून, कारखान्यातून आलेले शॉकअप तसेच ठेवून गाडी खाली घेता येते. आणि ती जी काही चालायला लागते म्हणता!

गाडी आमची सहाव्या पिढीची गोल्फ, १.४ टीएसआय, इथे डॉर्टमुंडमध्येच सेकंडहँड घेतलेली. गुणी गाडी, तक्रारीला जागा नाही. पण चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये चार बोटं सहज जातील एवढी फट. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याची अगदी तीच गाडी, तोच रंग, तेच टायर, पण माझी बाजूला उभी केली की चिखलातून जायला पँट वर खोचल्यासारखी दिसायची. मला वाटलं, याने हजार-दीड हजार युरोंचा, स्प्रिंग आणि शॉकअप दोन्ही बदलणारा कॉइलओव्हर संच बसवलाय. तो म्हणाला, “छे, फक्त टीफरलेगुंग्सफेडर्न, गाडी खाली घेणाऱ्या स्प्रिंगा. दोन-अडीचशे युरोत चार. शॉकअप कंपनीचेच.” झालं! त्या रात्री मी झोपलो नाही, वाचत बसलो.

वाचता वाचता जे सापडलं त्याने वेडच लागायची पाळी आली. या स्प्रिंगा बनवणारी आयबाख ही कंपनी १९५१ सालची, फिनेनट्रोप नावाच्या गावातली. तिची प्रतिस्पर्धी एच अँड आर कंपनी लेनेश्टाटची. आणि ही दोन्ही गावं एकमेकांच्या शेजारी, ओल्पे जिल्ह्यात, सावरलांडच्या डोंगरात, म्हणजे आमच्या घरापासून गाडीने तासा-दीड तासावर! शॉकअपवाल्या बिलश्टाइन कंपनीचं एनेपेटाल तर त्याहून जवळ. जगभरच्या हौशी लोकांच्या गाड्या ज्या स्प्रिंगांवर बसतात त्या आमच्या मागच्या डोंगरात वळल्या जातात आणि आम्ही तिकडे फक्त धरण बघायला जायचो! मी लगेच एक सबब काढून तिकडून चक्कर मारून आलो. बघण्यासारखं काही नाही हो, कारखान्याच्या भिंती आणि ट्रक. पण बरं वाटलं.

शेवटी स्प्रिंगा मागवल्याच. खोकं आलं तेव्हा जुनी स्प्रिंग हाताशी नव्हती, ती अजून गाडीत होती. म्हणून नवी नुसतीच टेबलावर उभी केली आणि बघत बसलो. खालचे वेढे ऐसपैस, एकमेकांपासून दूर. वरचे वेढे इतके जवळजवळ की मध्ये पोस्टकार्ड जेमतेम जावं. काळ्या रंगावर पांढऱ्या अक्षरात भाग क्रमांक. ही असमान गुंडाळी शोभेची नाही, सगळी अक्कल तिथेच आहे. शॉकअपचा दांडा पूर्ण बाहेर आला की जी लांबी होते ती शॉकअप न बदलल्यामुळे तेवढीच राहते. स्प्रिंग नुसतीच आखूड केली तर गाडी जॅकवर घेतल्यावर, किंवा एखाद्या उंचवट्यावर चाक लोंबकळलं की, ती आपल्या वाटीत सैल पडणार, खुळखुळणार, जागा सोडणार. म्हणून हे जवळजवळचे मऊ वेढे. गाडी जमिनीवर असताना ते वजनाखाली मिटून गेलेले असतात, आणि चाक लोंबकळलं की उघडून स्प्रिंगला वाटीत दाबून धरतात. मूळ शॉकअपवर आखूड स्प्रिंग चालते ती या युक्तीमुळे.

आता कोणी म्हणेल, एवढं कशाला, जुन्या स्प्रिंगचाच एक वेढा ग्राइंडरने कापून टाकावा. असले महाभाग सगळ्या देशांत आहेत. वेढे कमी झाले की उरलेली स्प्रिंग कडक होते हे खरं. पण कापलेलं टोक वाटीत नीट बसत नाही आणि लोंबकळल्यावर दाबून धरणारं काही उरत नाही. जर्मनीत अशी गाडी तपासणीत जागच्या जागी नापास होते, आणि योग्यच आहे ते.

मग कडकपणाचं काय? खाली आलेल्या गाडीत चाकाला वर यायला तीस मिलिमीटर जागा कमी. तेवढ्याच खड्ड्यात ती बंप स्टॉपवर, म्हणजे दांड्यावरच्या फोमच्या ठोकळ्यावर, लवकर आदळणार. ते टाळायला स्प्रिंग कडक हवी. पण कडक स्प्रिंग उसळी जोरात मारते आणि ती आवरायला मूळ शॉकअप पुरेल का? इथे गणित आपल्या बाजूने आहे, कारण ते वर्गमूळात चालतं. स्प्रिंग पंचवीस टक्के कडक केली तर तिच्या मानाने शॉकअप कमी पडतो तो फक्त दहा-अकरा टक्के. निरोगी शॉकअप तेवढं सहज सांभाळून घेतो. स्प्रिंग दुप्पट कडक केली तर मात्र जवळजवळ तीस टक्के कमी पडतो आणि गाडी बेडकासारखी उड्या मारायला लागते. म्हणून तीस मिलिमीटर. पस्तीसपर्यंत ठीक. साठ मिलिमीटर खाली घेऊन मूळ शॉकअपवर फिरणारे लोक स्प्रिंगवर नाही, बंप स्टॉपवर फिरत असतात असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि स्प्रिंगा गाडीच्या नावावर नाही, ॲक्सलवरच्या भारावर मागवायच्या! डिझेल इंजिन जड, पेट्रोल हलकं, त्यामुळे एकाच गोल्फला पुढच्या स्प्रिंगांचे दोन-तीन प्रकार. नोंदणीपत्रात रकाना ८.१ आणि ८.२ बघायचा, परवानगी असलेला ॲक्सलभार तिथे लिहिलेला असतो. इतकी वर्षं तो कागद पाकिटात घेऊन फिरतोय, पण हे रकाने कधी वाचले नव्हते.

काम भाड्याच्या वर्कशॉपमध्ये केलं. हाही जर्मनीचा एक आनंद! तासावर लिफ्ट भाड्याने घ्यायची, पाने-हत्यारं तिथलीच, आणि अडलं तर एक म्हातारे माइस्टर, म्हणजे उस्ताद मेकॅनिक, कोपऱ्यात कॉफी पीत बसलेले. मागचं काम सोपं. या गोल्फला मागे मल्टिलिंक, स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा, त्यामुळे शॉकअपला धक्काही न लावता स्प्रिंग निघते. पुढे मात्र मॅकफर्सन स्ट्रट, स्प्रिंग शॉकअपच्याच अंगावर चढवलेली. वायपर काढा, त्याखालचं प्लास्टिक काढा, मग वरचे तीन बोल्ट. खाली स्ट्रट चाकाच्या पोलादी पकडीत घट्ट बसलेला. मी हातोडा शोधायला लागलो तर माइस्टर उठून आले आणि खिशातून अंगठ्याएवढा एक तुकडा काढला. त्याचं टोक लांबट, अंडाकृती. पकडीच्या फटीत ते घातलं, पान्याने पाव फेरी दिली, फट केसभर रुंदावली आणि स्ट्रट लोण्यातून सुरी निघावी तसा सुटला! पाव फेरी! मी अक्षरशः टाळ्या वाजवल्या. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि परत कॉफीकडे गेले.

स्प्रिंग कंप्रेसरमध्ये दाबलेल्या स्प्रिंगच्या तोंडासमोर उभं राहायचं नाही, एवढी ताकीद मात्र त्यांनी दोनदा दिली. आणि शेवटी एक गोष्ट सांगितली, ती सोन्याची. मागच्या चाकाला धरून ठेवणाऱ्या आर्मचे बोल्ट गाडी लिफ्टवर लटकत असताना कसायचे नाहीत. आतलं रबरी बुश ज्या कोनात कसलं त्याच कोनात राहू बघतं. चाक लोंबकळत असताना कसलं तर गाडी खाली उतरल्यावर ते कायमचं पिळलेलं राहणार आणि लवकर फाटणार. म्हणून आधी जॅकने आर्म वर घ्यायचा, गाडी रस्त्यावर जशी उभी राहील त्या पातळीला आणायचा, आणि मग शेवटचा आवळ द्यायचा. बोल्टही नवेच वापरायचे, एकदा ताणलेले परत नाही.

आणि मग सावरलांडचे रस्ते! डोंगर, वळणावर वळण. आधी गोल्फ वळणात शिरताना क्षणभर विचार करायची, एका बाजूला कलंडायची आणि मग वळायची. आता स्टिअरिंग वळवलं की नाक वळलं. मधला विचार गायब. ब्रेक दाबला की नाक खुपसत नाही. हा नुसता भास नाही, त्यामागे हिशेबही आहे. गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण साडेपाचशे मिलिमीटर धरला आणि तो जवळपास तीसने खाली आला, तर वळणात बाहेरच्या चाकांकडे सरकणारा भार पाचेक टक्क्यांनी घटतो. गंमत म्हणजे कलंडणं कमी झालं त्याचं श्रेय उंचीला नाही! मॅकफर्सनच्या रचनेत गाडी खाली घेतली की रोल सेंटर, म्हणजे ज्या बिंदूभोवती बॉडी कलते तो, गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातो. नुसतं खाली घेऊन स्प्रिंग मऊच ठेवली तर गाडी उलट जास्त कलंडेल. कलणं आवरलं ते कडक स्प्रिंगने. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून खोलीत फेऱ्या मारल्या होत्या.

तोटे? आहेत ना. दगडी फरसबंदीच्या जुन्या गल्लीत आता प्रत्येक दगड कळतो. पार्किंगच्या तळघरात उतरताना पुढचा बंपर तिरपा काढावा लागतो. मला चालतं.

साताऱ्याच्या मामांना व्हिडिओ कॉलवर गाडी दाखवली. बराच वेळ बघून म्हणाले, “अरे, गाडी बसलीय तुझी. स्प्रिंगा गेल्या काय?”

“मामा, मुद्दाम खाली घेतलीय. पैसे देऊन.”

“पैसे देऊन? इथं आम्ही स्प्रिंगच्या वेढ्यात रबराचे बफर घालून गाडी वर उचलतोय. परवाच गतिरोधकाला चेंबर घासला माझा!”

मामांचं चुकत नाही. आपल्याकडच्या गतिरोधकांपुढे तीस मिलिमीटर ही चैन आहे. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीपासून प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. म्हणून साताऱ्यात हे करा असं मी सांगणार नाही.

जर्मनीत मात्र याला राजमार्ग आहे, त्याचं नाव ट्यूफ, म्हणजे वाहन तपासणारी संस्था. स्प्रिंगांच्या खोक्यात एक जाडजूड प्रमाणपत्र येतं: कुठल्या गाडीला, किती भाराला, कुठल्या टायरबरोबर. ते घेऊन तपासनीसाकडे जायचं. आमच्या तपासनीस बाईंनी आधी बॅटरीने स्प्रिंगवरचा क्रमांक वाचून कागदाशी ताडला. गाडी उचलून, चाकं लोंबकळत ठेवून प्रत्येक स्प्रिंग हाताने हलवून बघितली. हलली नाही! ते मिटणारे-उघडणारे वेढे कामाला आले. मग तिरप्या कोपऱ्यांतली दोन चाकं ठोकळ्यांवर चढवून, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून टायर कुठे घासतो का ते पाहिलं. हेडलाइटची पातळीही बघितली, कारण पुढचं आणि मागचं सारखं खाली आलं नसेल तर समोरच्याच्या डोळ्यांत उजेड जातो. मग शिक्का. आता आमच्या नोंदणीपत्रात रकाना २२ मध्ये स्प्रिंगांचा क्रमांक छापलेला आहे, सरकारी अक्षरात!

इथे राहणाऱ्या कोणाला हे वाचून हात शिवशिवत असतील तर तीनच गोष्टी सांगतो. आधी शॉकअप तपासून घ्या. तेल गळत असेल किंवा गाडी लाखभर किलोमीटर चाललेली असेल तर हा सगळा हिशेब कोलमडतो, मग स्प्रिंगांबरोबर शॉकअपही नवे घाला आणि काटकसर विसरा. स्प्रिंगा पहिले काही दिवस अजून थोड्या बसतात, तेव्हा अलाइनमेंट त्यानंतर करा, पण करा नक्की. टो, म्हणजे चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन, बिघडला तर टायर आतून खाल्ला जातो आणि बाहेरून कळतही नाही. आणि तिसरं, पन्नास-साठ मिलिमीटरच्या स्प्रिंगा स्वस्तात मिळतात म्हणून घेऊ नका. मूळ शॉकअप ठेवायचे असतील तर तीस-पस्तीसवर थांबा.