कृत्तिकेची जात कोणती?

गेल्या डिसेंबरात मी लातूरहून नांदेडला मोटारसायकलवर परत येत होतो. धाकट्या बहिणीचं ठरत आलेलं स्थळ मोडलं होतं आणि मी समजूत घालायला जाऊन हात हलवत निघालो होतो. मुलाकडचे आपलेच. बौद्ध, शिकलेले, बैठकीत बाबासाहेबांची तसबीर. तरी त्यांनी गुपचूप पत्रिका काढली. मुलीचं नक्षत्र कृत्तिका, म्हणून राक्षसगण, मुलाचा देवगण. जमत नाही म्हणाले.

अहमदपूरच्या पुढे अंधारात गाडी थांबवली. कृत्तिका बरोबर डोक्यावर होत्या. साध्या डोळ्यांना सहा-सात तारे दिसतात. गॅलिलिओने दुर्बिणीतून पाहून 1610 मध्ये छत्तीस छापले. आज हजाराहून अधिक माहीत आहेत. अंतर सुमारे 440 प्रकाशवर्षे. हे सगळे तारे एकाच वायूच्या ढगातून जन्मले. वय जेमतेम 10 कोटी वर्षे. आपला सूर्य 460 कोटींचा. म्हणजे त्या जन्मल्या तेव्हा पृथ्वीवर डायनासोर फिरत होते, माणूसच नव्हता. मग त्यांना राक्षस कोणी ठरवलं?

आता पंचांग बघा. कृत्तिका नक्षत्राचा पहिला चरण मेष राशीत, उरलेले तीन वृषभेत. गुणमेलनात मेषेचा वर्ण क्षत्रिय, वृषभेचा वैश्य. मिथुन, तूळ, कुंभ शूद्र. एका ढगाची लेकरं, पण त्यांच्या नावाच्या नक्षत्रातही चातुर्वर्ण्य घुसवलं! ज्यांनी गावाची वाटणी केली त्यांनी आभाळही सोडलं नाही.

काही जण म्हणतात, नुसतं बघायला काय जातं? जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी चाचणी घेतली होती. पत्रिका पाहून मूल हुशार की मतिमंद, एवढंच सांगायचं. 27 ज्योतिषांची उत्तरं आली. 46 टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तरी निम्मी बरोबर आली असती.

आणि जातं ते आमचंच जातं. 1956 साली नागपुरात आपण जो वर्ण नाकारला, तोच छत्तीस गुणांतला एक गुण होऊन मागच्या दाराने घरात येतो. भिंतीवर बाबासाहेब आणि कपाटात पत्रिका, हे दोन्ही एका घरात कसं चालेल?

घरी पोचलो तेव्हा बहीण जागीच होती. म्हणाली, "दादा, बरं झालं लग्नाआधी कळलं." मी तिला अंगणात नेऊन तिचं नक्षत्र दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली. मग हसून म्हणाली, "राक्षस तर कुठं दिसत नाही."

स्थळ बघायला जाणाऱ्यांनो, शिक्षण विचारा, स्वभाव विचारा, व्यसन विचारा. जन्मवेळ विचारू नका. जयभीम.