भातसाकाठी मुक्काम

जानेवारीतला शनिवार. शहापूर तालुक्यात भातसा जलाशयाच्या काठी तंबू ठोकायला गेलो, तर कातळात खुंटीच शिरेना. शेवटी दोऱ्यांना धोंडे बांधले. तीन दगडांची चूल पेटली. पाड्यावरच्या मावशींनी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी बांधून दिली होती. बोटांना अजून वास आहे. (असू दे.) आवाज फक्त पाण्याचा, दगडांवर चुबुक चुबुक. मुंबईला निम्म्याच्या आसपास पाणी इथूनच जातं, माझ्याही नळाला. मावशी म्हणाल्या होत्या, "धरण आमच्याकडं, नि उन्हाळ्यात टँकरची वाट बघायची तीही आम्हीच." मी उगाच निखारे सारत बसलोय. सकाळी मुरबाडमार्गे नाणेघाट गाठायचाय, पण आत्ता तंबूत शिरायचंही जिवावर आलंय.