छेदातल्या मॅडम

माझ्या नावाआधी ‘डॉ.’ लागलं, त्यात निम्मा वाटा आमच्या मॅडमचा. कोल्हापूर भागातल्या एका एमबीए कॉलेजात त्या कॉस्टिंग शिकवायच्या, शिवाय आयक्यूएसीच्या, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता कक्षाच्या, समन्वयक. बड्या संस्था एएसीएसबी, इक्विस या परदेशी मानांकनांच्या मागे धावतात. आमच्या दाराशी नॅक आणि एनबीए.

नॅकच्या सात निकषांपैकी दुसरा, अध्यापन-मूल्यमापनाचा, माझ्या गळ्यात पडला, तोही नेमका प्रबंध लिहायच्या वर्षी. पेपरातला प्रत्येक प्रश्न कुठल्या ‘सीओ’चा (विषयाच्या निष्पत्तीचा), तो सीओ कुठल्या ‘पीओ’शी (अभ्यासक्रमाच्या निष्पत्तीशी) किती जुळतो, एक, दोन की तीन, आणि किती मुलांनी लक्ष्य गाठलं, सगळ्या संध्याकाळी एक्सेलमध्ये जायच्या. वेळेचं नियोजन शिकवणारे आम्ही, आणि आम्हालाच वेळ नाही! एक दिवस मॅडमनी पेनड्राइव्ह मागून घेतला. “अरे, तू आधी प्रबंध संपव. हे मी बघते.” त्यांची स्वतःची पीएचडी, गुळाच्या उत्पादनखर्चावरची, दोन प्रकरणांपुढे सरकलीच नाही.

विषय त्यांना पुस्तकात सापडला नव्हता. दरवर्षी त्या मुलांना गुऱ्हाळावर न्यायच्या. काहिलीशेजारी उभं करून विचारायच्या, “उसाचं चिपाड इथंच जाळलं. आता त्याची किंमत कुठं धरायची?” मुलं घामाघूम, निम्मी धुरानं, निम्मी प्रश्नानं. पण नॅकला पुरावा म्हणून भेटीचं पत्र हवं, आणि गुऱ्हाळमालकाकडे लेटरहेड कुठलं? जिओटॅग फोटो होते, पत्र नव्हतं. भेट साखर कारखान्याला दिली असं दाखवा, पत्राची सोय होईल, असं वरून सुचवण्यात आलं. मॅडमनी रकान्यात गुऱ्हाळच लिहिलं. पुढे, ‘पत्र उपलब्ध नाही’. भेट पडताळणीत बाद झाली. त्यावर वरिष्ठांचं काय काय ऐकून घ्यावं लागलं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

त्याच निकषात पूर्णवेळ शिक्षकांपैकी पीएचडीवाले किती टक्के, हेही विचारायचे. माझी पदवी जाहीर झाली तेव्हा मॅडमनी पेढा तोंडात टाकत तो आकडा स्वतःच्या हातानं वाढवला. मी अंशात गेलो. त्या छेदातच राहिल्या, आणि सहायक प्राध्यापक म्हणूनच निवृत्त झाल्या.

अजून फोन येतो. “पोरं नेलीस का रे गुऱ्हाळावर?” यंदा नेली. चिपाडावरून दोन मुली थेट मालकाशीच वाद घालत बसल्या, बस खोळंबली. मॅडमना बाकी काही नको होतं, त्या दोघींचा हिशेब आधी ऐकायचा होता.