बहात्तर कुठून आले?

सहावीच्या वर्गात नाडी मोजायला सांगितली की पहिल्या खेपेला बऱ्याच वह्यांत ७२ हा आकडा उतरतो. बोटाला पंधरा सेकंदांत बावीस ठोके लागलेले असतात, म्हणजे मिनिटाला ८८. पण पुस्तकात ७२ छापलंय ना, मग वहीतही तेच. मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवते आणि अधूनमधून शाळांत हा प्रयोग घ्यायला जाते. माझं पहिलं भांडण या ७२शी असतं. तो मोठ्यांचा आकडा, तोही ढोबळ सरासरीचा. शांत बसलेल्या मोठ्या माणसाची नाडी ६० ते १०० मध्ये कुठेही असू शकते. नवजात बाळाची १२०च्या वर, आणि अकरा वर्षांच्या मुलाची ८०-९० असणं अगदी रास्त. लहान हृदय एका ठोक्याला थोडंच रक्त पुढे ढकलतं, म्हणून ठोके जास्त.

आधी बोट ठेवायला शिकवावं लागतं. अंगठा नाही, त्याला स्वतःचीच नाडी असते आणि भलतेच ठोके मोजले जातात. तर्जनी आणि मधलं बोट, मनगटावर अंगठ्याच्या बाजूला, हलकेच. जोरात दाबलं की नाडी हरवते आणि "मॅडम, माझं हृदय बंद पडलं" असं ओरडणारा एक तरी निघतोच. पळून आल्यावर पूर्ण मिनिटभर मोजायचं नाही, कारण मिनिट संपेपर्यंत नाडी बरीच उतरलेली असते. म्हणून पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं. यात एक ठोका चुकला की मिनिटाचे चार चुकतात. हे मुलांना सगळ्यात आधी कळायला हवं.

मग दोरीच्या उड्या. रांगेत उभ्या असलेल्या एका मुलाने तक्रार केली, "मी अजून एकही उडी मारली नाही, तरी माझे १०८ कसे?" त्या दिवशीच्या सगळ्या आकड्यांपेक्षा मला हा प्रश्न आवडला. स्नायू जास्त प्राणवायू मागतात म्हणून नाडी वाढते, असं आपण शिकवतो. पण मेंदू मागणीची वाट बघत बसत नाही. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या हृदयावर व्हेगस या मज्जातंतूचा दाब सतत असतो, उतारावर सायकलचा ब्रेक धरून ठेवावा तसा. तो सैल झाला की एक-दोन ठोक्यांतच वेग वाढतो. अॅड्रेनॅलिनचा पूर्ण जोर मागाहून येतो. प्रत्यारोपण केलेल्या हृदयाला हे मज्जातंतू जोडलेले नसतात. त्यामुळे ते बसल्या जागीही ९०-१००च्या आसपास पळतं, आणि माणूस जिना चढू लागला तरी सुरुवातीला त्याला पत्ताच नसतो. रक्तातून अॅड्रेनॅलिन येईल तेव्हा कुठे ते वेग घेतं. आमच्या तक्रारदाराचा ब्रेक नंबर जवळ येताच सुटला होता.

मला स्वतःला सर्वांत प्रिय आहे तो दोऱ्याचा प्रयोग. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला पादुआच्या सांतोरिओ या वैद्याने दोऱ्याला वजन टांगलं. दोरा आखूड-लांब करत लंबकाचा झोका नाडीशी जुळवायचा आणि दोऱ्याची लांबी वाचायची. खास मिनिटाचं घड्याळ वापरून नाडी मोजण्यावरचं जॉन फ्लॉयरचं पुस्तक १७०७चं, म्हणजे शंभरेक वर्षांनंतरचं. आम्ही दोऱ्याला लोखंडी नट बांधतो. एका बाजूचा एक झोका म्हणजे एक ठोका, असं धरलं तर ९०ची नाडी सुमारे ४४ सेंटिमीटर भरते आणि १५०ची जेमतेम १६. एकाने उड्या मारून यायचं, दुसऱ्याने त्याची नाडी धरून "टक, टक" म्हणायचं, तिसऱ्याने दोरा जुळवायचा. नाडी उतरू लागली की तिसऱ्याला दोरा सोडतच राहावं लागतं. ठोके मिनिटाला किती उतरले, हे वहीतच बघावं, आणि तिथे उतार सरळ रेषेत नसतो: आधी मोठी घसरण, मग रेंगाळणं. ब्रेक परत लागतो तो याच पहिल्या मिनिटात. एका मुलीची नाडी मिनिटभरात १५६वरून ११२वर आली. तिच्याबरोबर हौसेने उड्या मारलेले पीटीचे सर मात्र अजून १३२लाच अडकले होते. मुलं मोठ्यांपेक्षा लवकर सावरतात, हे तिथे कुणाला सांगावं लागलं नाही.

शिक्षक बहुधा २२० वजा वय हे सूत्र घेऊन येतात. मुलांना ते लावू नये. वाढत्या वयात कमाल नाडी दरवर्षी एकेक ठोक्याने घटत नाही, बहुतेकांची २००च्या आसपासच राहते. आणि कुणाची नाडी कमी म्हणून त्याला टाळ्या, असली स्पर्धा तर मी होऊच देत नाही. खेळताना कुणाला भोवळ येत असेल, शुद्ध हरपत असेल, छातीत दुखत असेल किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर त्या मुलाला उड्या नकोत, आधी डॉक्टरांकडे न्यावं.

घरच्यांची नाडी मोजून आणा म्हटलं की खरी गंमत येते. एका मुलीच्या वहीत आजोबा जिना चढण्यापूर्वी ६०, चढल्यावर ६८. "मॅडम, आजोबा दमले पण नाडी वाढलीच नाही." रक्तदाबाच्या काही गोळ्या अॅड्रेनॅलिनचा हृदयावरचा परिणाम रोखतात; आजोबा तसलीच एक घेत होते. मी म्हटलं, शेऱ्याच्या रकान्यात 'गोळी चालू' असं लिही, आणि त्यांना पुन्हा जिना चढायला लावू नकोस. तिने लिहिलं आणि विचारलं, "मग आजीला चढवू?"