एका गाण्यामागची अकरा गाणी

सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी म्हटली की धर्मग्रामातील गोरगरिबांच्या घरी जाणारे सभासद डोळ्यांसमोर उभे राहतात. अमेरिकेत हीच संस्था जुन्या वस्तूंची दुकानेही चालवते. दान आलेले कपडे, भांडी, खुर्च्या तेथे अल्प किमतीत विकल्या जातात व उत्पन्न गरजूंच्या कामी येते. विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथे लेकीकडे मुक्कामास असताना आम्ही उभयता अशा एका दुकानात शिरलो, ते गरम कोटासाठी. कोट मिळाला नाही. ध्वनिमुद्रिकांच्या खोक्यात मात्र ‘द सिंगिंग नन’ सापडली. किंमत एक डॉलर.

संत डॉमिनिकवरील तिचे ‘दॉमिनिक’ हे फ्रेंच गाणे कोणाला ठाऊक नाही? डिसेंबर १९६३ मध्ये, केनेडींच्या हत्येला जेमतेम पंधरवडा लोटला असता, ते अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिले आले. ही तबकडीही आपल्या यादीत पहिली होती. एवढी खपलेली वस्तू दुर्लक्षित कशी, असे वाचक विचारतील. पण त्या एका गाण्यामागे आणखी अकरा आहेत, आणि ती आम्ही प्रथमच ऐकली, जावयांच्या यंत्रावर, थंडीच्या एका संध्याकाळी.

एक गिटार, एक निर्व्याज आवाज आणि मागे भगिनींचा कोरस. याहून अधिक काही नाही. ‘सिस्टर आदेल’ म्हणजे तिची गिटारच! निवडुंगाच्या फुलावर एक गाणे आहे, ‘सगळ्या वाटा’ नावाचे दुसरे. आमच्या मते ‘दॉमिनिक’ हे या संचातील सर्वांत हलके गाणे. तिसऱ्यांदा त्याचे पालुपद कंटाळवाणे होते. ‘ताऱ्यांमध्ये’ मात्र आम्ही पुनःपुन्हा लावले. लेकीला शेवटी दार ओढून घ्यावे लागले.

गायिकेला जगाने ‘हसरी भगिनी’ म्हटले. तिचे नाव जनीन डेकर्स. बेल्जियममधील फिशरमाँच्या डॉमिनिकन मठातील सिस्टर ल्यूक-गॅब्रिएल. व्रत दारिद्र्याचे, त्यामुळे उत्पन्न ध्वनिमुद्रण कंपनीकडे व मठाकडे गेले. १९६६ साली ती मठाबाहेर पडली. गाजलेले नाव वापरण्याचा हक्क तिला उरला नव्हता, म्हणून १९६७ ची तबकडी ‘ल्यूक डॉमिनिक’ या नावाने निघाली. ती कोणी घेतली नाही. पुढे सरकारने जुन्या कमाईवरील कर मागितला, जी कमाई तिच्या हाती आलीच नव्हती. १९८२ साली तिने ‘दॉमिनिक’ नव्या वाद्यांवर पुन्हा गाऊन पाहिले, तेही व्यर्थ. २९ मार्च १९८५ रोजी तिने व तिची सखी अ‍ॅनी पेशेर हिने आपली जीवने संपविली. हे कळल्यावर वेष्टनावरील तिचे टोपणनाव वाचवेना.

परतण्यापूर्वी ‘ल्यूक डॉमिनिक’ची तबकडी आम्ही आणखी दोन दुकानांत शोधली. मिळाली नाही. ‘द सिंगिंग नन’च्या मात्र दोन्हीकडे तीन-तीन, चार-चार प्रती होत्या.